साडेनऊ कोटी नावांमधून एक नाव डोळ्याचं पातं लवायच्या आत कसं सापडतं? डेटाबेसच्या इंडेक्सचा विषय समजून घ्या

मतदानाचा दिवस. केंद्रापासून २०० मीटर लांब, मांडवाखाली एक टेबल. टेबलावर मतदार यादीचा गठ्ठा, मागे दोन कार्यकर्ते आणि समोर एक आजी. आजी म्हणतात, "बाळा, माझं नाव बघ." कार्यकर्ता विचारतो, "आडनाव?" आजी सांगतात, "पाटील." आणि कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी पडते.

कारण यादी आडनावानुसार नसते. ती भाग क्रमांक आणि घरांच्या क्रमानं लावलेली असते. घर क्रमांक माहीत असेल तर नाव अर्ध्या मिनिटात सापडतं. फक्त आडनाव माहीत असेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत बसा. म्हणूनच हुशार कार्यकर्ते आदल्या रात्री त्याच यादीची अक्षरांनुसार लावलेली दुसरी प्रत तयार ठेवतात. नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, एवढंच. मूळ यादीला हात लावलेला नाही, फक्त शोधायला सोपी अशी एक छोटी यादी बाजूला केली.

डेटाबेसच्या भाषेत या छोट्या यादीलाच इंडेक्स म्हणतात.

आता हाच खेळ मोठ्या पातळीवर बघा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात साडेनऊ कोटींहून जास्त मतदार होते. एवढ्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि मोबाईलवर कुणीतरी नाव टाकून शोधतंय. उत्तर अर्ध्या सेकंदात येणार की दोन मिनिटं गोल फिरत राहणार, हे बऱ्याच वेळा एकाच गोष्टीवर ठरतं. इंडेक्स आहे का, आणि असेल तर कोणत्या प्रकारचा आहे.

निवडणूक आयोगाच्या सर्व्हरमध्ये नेमकं काय बसवलंय तो विषय वेगळा. इथे मतदार यादी फक्त उदाहरणाला घेतली आहे. बँक, रेल्वे, ऑनलाइन दुकान, निकालाची वेबसाइट, सगळीकडे गणित हेच असतं.

आधी इंडेक्स नसेल तर काय होतं ते बघा

समजा एका मतदाराची नोंद २०० बाइटची आहे. साडेनऊ कोटींच्या पुढच्या नोंदी म्हणजे साधारण १९-२० जीबी डेटा झाला. डेटाबेस हा डेटा पानापानांत साठवतो. एक पान १६ केबीचं धरलं तर जवळपास १२ लाख पानं होतात.

इंडेक्स नसेल तर "पाटील" शोधायला ही १२ लाख पानं एकामागून एक वाचावी लागतात. याला फुल टेबल स्कॅन म्हणतात. सेकंदाला १५० एमबी वाचणारी साधी हार्ड डिस्क असेल तर एका शोधाला दोन मिनिटांच्या वर जातात. हा झाला एकाच माणसाचा शोध. त्याच वेळी हजार लोक शोधत असतील तर वेबसाइट झोपलीच म्हणून समजा.

मोठ्या दिवशी एखादी वेबसाइट "हँग" होते तेव्हा लोक सर्व्हर छोटा पडला म्हणतात. कधी ते खरं असतंही. पण कधी सर्व्हर दणकट असतो आणि बिचारा प्रत्येक माणसासाठी पूर्ण गठ्ठा चाळत बसलेला असतो.

पहिला गडी : बी-ट्री

गोष्ट १९७० ची. अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या बोईंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट हे दोघं काम करत होते. प्रश्न साधा होता. डेटा इतका मोठा आहे की तो मेमरीत मावत नाही, डिस्कवर ठेवावा लागतो. आणि डिस्क मेमरीच्या मानानं फारच हळू. मग डिस्ककडे कमीत कमी वेळा जावं लागेल अशी रचना कशी करायची?

क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, मग अर्ध्या भागाच्या मधोमध, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. शब्दकोशात शब्द शोधताना हात आपोआप तेच करतो. पण साडेनऊ कोटी नोंदींत असं अर्धं-अर्धं करत गेलं तर २७ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला डिस्कवर वेगळ्या ठिकाणी जायचं झालं आणि एका फेरीला १० मिलिसेकंद लागले, तर नुसतं शोधण्यातच पाव सेकंदाच्या वर वेळ गेला.

बायर आणि मॅकक्राइट यांनी दोनच फांद्यांऐवजी एका पानाला शेकडो फांद्या दिल्या. सर्वात वरच्या पानावर फक्त दिशा लिहिलेली असते. अ ते क इकडे, ख ते ज तिकडे, असं. त्या खालच्या पानावर आणखी बारीक दिशा. सर्वात खाली प्रत्यक्ष नोंदींचे पत्ते. एका पानावर ३०० दिशा मावत असतील तर चार पायऱ्यांत ८१० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येतं. म्हणजे महाराष्ट्रातले सगळे मतदार चार पायऱ्यांत आले. कुठे १२ लाख पानं आणि कुठे चार!

यातली दुसरी गंमत म्हणजे हे झाड एका बाजूला कलत नाही. एखादं पान भरलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि मधली खूण वरच्या पानावर जाते. त्यामुळे झाड खालून नाही, तर मुळाच्या बाजूनं वाढतं आणि कुठल्याही नोंदीपर्यंतचं अंतर सारखंच राहतं. अडगुळे असो की ज्ञानमोठे, दोघांनाही चारच पायऱ्या.

बी-ट्रीतला "बी" म्हणजे काय? बोईंग, बायर की बॅलन्स्ड? शोधकांनी स्वतः त्याचा अधिकृत अर्थ कधीच जाहीर केला नाही. लोक अजून वाद घालतात.

आज डेटाबेसमध्ये जे वापरलं जातं ते बहुतेक याचंच सुधारलेलं रूप, बी-प्लस ट्री. त्यात सर्वात खालची पानं एकमेकांना साखळीनं जोडलेली असतात. याचा फायदा असा, की "१ जानेवारी ते ३१ मार्चदरम्यान जन्मलेले मतदार दाखवा" म्हटलं की पहिली नोंद गाठायची आणि साखळी धरून पुढे सरकायचं. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल यांच्यात "इंडेक्स बनव" एवढंच सांगितलं आणि प्रकार सांगितला नाही, तर साधारणपणे याच घराण्यातला इंडेक्स बनतो.

दुसरा गडी : हॅश

आजींकडे मतदार ओळखपत्र निघालं तर? त्यावरचा नंबर तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकड्यांचा. आता क्रमाची गरजच नाही. नेमका नंबर हातात आहे आणि नेमकी तीच नोंद हवी आहे.

इथे हॅश इंडेक्स कामाला येतो. कल्पना करा, भिंतीवर १०० खण आहेत. नंबरवर एक ठरावीक गणित करायचं, उत्तर येईल त्या खणात पत्ता ठेवायचा. शोधताना पुन्हा तेच गणित करायचं आणि थेट त्या खणाशी जायचं. पायऱ्या नाहीत, दिशा नाहीत. दोन नंबरांचं उत्तर सारखं आलं तर दोघंही एकाच खणात, मग तेवढ्या खणात बघायचं.

ही कल्पना बी-ट्रीपेक्षाही जुनी. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये कंपनीतल्या एका टिपणात ती मांडली होती. हे तेच लून, ज्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानं आजही क्रेडिट कार्डाचा नंबर टाइप करताना चुकला का ते तपासतात.

मग सगळीकडे हॅशच का नाही? कारण हॅश क्रम पुसून टाकतो. शेजारशेजारचे दोन नंबर कुठल्या कुठल्या खणांत जाऊन पडतात. "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" किंवा "पा पासून सुरू होणारी आडनावं" असं विचारलं की हॅशचे हात वर.

दुसरं म्हणजे बी-ट्रीच्या वरच्या पायऱ्या सतत वापरल्या गेल्यानं मेमरीतच राहतात. त्यामुळे चार पायऱ्यांपैकी डिस्कवर जायला लागते ती एखादीच. तिथे हॅशची आघाडी बरीच कमी होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत सर्व्हर अचानक बंद पडला तर हॅश इंडेक्स पुन्हा बांधायची वेळ येऊ शकत होती. त्यामुळे जाणकार त्याच्या वाटेला फारसे जात नसत. आता तो प्रश्न सुटला आहे, पण सवय राहिली.

तिसरा गडी : बिटमॅप

आता वेगळा प्रश्न. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदान करायची सोय होती. समजा एखाद्या अधिकाऱ्याला मोजायचंय, की अमुक मतदारसंघात ८५ च्या वरच्या महिला किती?

स्त्री-पुरुष या रकान्यावर बी-ट्री लावून उपयोग नाही. निम्मी यादी "महिला" म्हणून निघाली तर इंडेक्स बघून एकेक नोंद आणण्यापेक्षा पूर्ण यादी वाचणंच स्वस्त पडतं. डेटाबेसमधला क्वेरी ऑप्टिमायझर हा हिशोब आधी करतो आणि असा इंडेक्स असला तरी त्याकडे दुर्लक्ष करतो.

बिटमॅप इंडेक्सची युक्ती अशी. "महिला" या किमतीसाठी शून्य आणि एकची एक लांब पट्टी करायची. पहिली मतदार महिला असेल तर १, नसेल तर ०, दुसऱ्यासाठी तसंच, शेवटपर्यंत. साडेनऊ कोटी मतदारांची ही पट्टी फक्त १२ एमबीच्या आसपास भरते, दाबून बसवली तर त्याहून कमी. तशीच एक पट्टी "८५ च्या वर" यासाठी, तशीच एक मतदारसंघासाठी. मग तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. जिथे तिन्हीकडे १ आहे, ते तुमचं उत्तर. असली कामं प्रोसेसर चुटकीसरशी करतो.

मोजणी, अहवाल, आकडेवारी यांसाठी बिटमॅप भारी. पण जिथे मिनिटाला हजार बदल होतात तिथे तो गळ्यात पडतो. एका नोंदीत बदल करायचा तर पट्टीचा मोठा तुकडा अडवून ठेवावा लागतो आणि बाकीचे रांगेत उभे राहतात. म्हणून तो मुख्यतः ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये, विश्लेषणासाठी साठवलेल्या डेटावर दिसतो.

चौथा गडी : उलटी सूची

पुस्तकाच्या शेवटी सूची असते. शब्द आणि पुढे पान क्रमांक. सर्च इंजिनचा पाया हाच. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या कुठल्या नोंदीत आलाय त्याची यादी. याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. पत्त्यात कुठेही "शनिवार पेठ" असलेले मतदार हवे असतील तर "शनिवार" ची यादी आणि "पेठ" ची यादी काढायची, दोन्हीत असलेले उचलायचे.

इथे बी-ट्री का चालत नाही? कारण ते पहिल्या अक्षरापासून वाचतं. "पाट" ने सुरू होणारं ते लगेच देईल. पण "शेवटी कर असलेली आडनावं" मागितली की सुरुवातच माहीत नाही, मग साखळी धरायची कुठून?

आणि आता आजींच्या खऱ्या अडचणीकडे. यादीत "पाटिल" पहिल्या वेलांटीनं लिहिलंय आणि शोधणारा "पाटील" टाकतोय. इंडेक्स कितीही वेगवान असला तरी तो वेगानं एवढंच सांगणार, की नाव नाही. इंग्रजीतही तेच, कुणी एक आय घालून लिहितं, कुणी दोन ई घालून.

यावर एक जुना उपाय आहे, साउंडेक्स. १९१८ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मग इंग्रजीतल्या दोन्ही स्पेलिंगच्या पाटलांचा कोड एकच निघतो. तो कोड वेगळ्या रकान्यात ठेवून त्यावर साधं बी-ट्री लावलं की काम झालं. फक्त गंमत अशी, की या हिशोबानं "पटेल" चा कोडही "पाटील" सारखाच येतो! म्हणजे नाव सुटत नाही, पण चार पाहुणे जास्तीचे येतात. दुसरा मार्ग म्हणजे नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून त्यांची उलटी सूची ठेवणं. ज्या नावाचे जास्त तुकडे जुळतील ते वर दाखवायचं.

पाचवा गडी : एलएसएम ट्री

आतापर्यंत सगळं शोधण्याबद्दल झालं. पण डेटा लिहायचा वेगच प्रचंड असेल तर? मेसेज, पैशांचे व्यवहार, सेन्सरची मोजमापं. दर सेकंदाला हजारो नोंदी. बी-ट्रीमध्ये प्रत्येक नोंद आपापल्या जागी नेऊन बसवावी लागते, म्हणजे डिस्कवर इकडून तिकडे पळापळ.

जुन्या पेढीवरचे मुनीम हे कोडं कधीच सोडवून बसले होते. दिवसभर व्यवहार जसे होतील तसे रोजकीर्दीत लिहायचे. मग निवांत बसून त्याची खतावणी करायची, ज्याचं त्याच्या खात्यावर. एलएसएम ट्री नेमकं हेच करतं. नवी नोंद आधी मेमरीत. तिथे पुरेशा जमल्या की क्रमानं लावून एकगठ्ठा डिस्कवर. आणि मागच्या मागे जुने गठ्ठे एकमेकांत मिसळत राहायचे.

१९९६ मध्ये पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली. पुढे गुगलचं बिगटेबल याच वाटेनं गेलं. फेसबुकमध्ये इनबॉक्समधले मेसेज शोधण्यासाठी अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी बनवलेला आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झालेला कॅसँड्राही याच पठडीतला.

तोटा उघड आहे. एखादी नोंद शोधताना ती नेमकी कुठल्या गठ्ठ्यात आहे ते माहीत नसतं, दोन-चार गठ्ठे चाळावे लागतात. त्यावर ब्लूम फिल्टर नावाचा पहारेकरी बसवतात. तो गठ्ठ्याच्या दारावरच सांगतो, की "इथे नक्की नाही" किंवा "इथे असू शकेल". "नक्की नाही" म्हणाला तर ते शंभर टक्के खरं. त्यामुळे फुकटचे हेलपाटे वाचतात.

मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स लावून टाकायचे का?

नवखे लोक नेमकी हीच चूक करतात. बूथवरच्या त्या कार्यकर्त्याकडे परत या. त्यानं नावाची, आडनावाची, वयाची, घराची अशा सहा याद्या बनवल्या. आता एक नवा मतदार वाढला. मूळ यादीत एक आणि बाजूच्या सहा याद्यांत एकेक, अशा सात ठिकाणी नोंद करावी लागेल. एक राहिली तर घोळ. डेटाबेस घोळ करत नाही, पण सातही ठिकाणी लिहिण्याचा वेळ आणि डिस्कची जागा घेतो. प्रत्येक इंडेक्स वाचणाऱ्याचा वेळ वाचवतो आणि लिहिणाऱ्याकडून तो वसूल करतो.

आणखी दोन ठिकाणी माणसं हमखास फसतात.

एक, जोड इंडेक्सचा क्रम. "आडनाव, मग नाव" असा इंडेक्स असेल तर आडनावानं शोधता येतं, आडनाव आणि नाव दोन्ही दिलं तरी येतं. फक्त नाव दिलं तर त्याचा उपयोग जवळपास संपतो. आडनावानुसार लावलेल्या यादीत सगळ्या "सुनीता" शोधून बघा, लगेच कळेल.

दोन, रकान्यावर केलेलं गणित. इंडेक्स जन्मतारखेवर आहे आणि प्रश्नात "जन्मतारखेतून वर्ष काढून ते २००६ आहे का बघ" असं लिहिलं, तर साधा इंडेक्स बाजूला पडतो. तोच प्रश्न "१ जानेवारी २००६ ते ३१ डिसेंबर २००६" असा विचारला की काम झालं. प्रश्न तोच, पण एकाला मिनिटं लागतात, दुसऱ्याला मिलिसेकंद.

इंडेक्स खरंच वापरला जातोय का, हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. बहुतेक एसक्यूएल डेटाबेसमध्ये प्रश्नाचा आराखडा दाखवायची सोय असते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रश्नाच्या आधी "एक्सप्लेन" हा एक शब्द लिहायचा. डेटाबेस स्वतः सांगतो, की तो पूर्ण टेबल चाळणार आहे की इंडेक्सनं जाणार आहे.

थोडक्यात, कुठे कोण?

- क्रम, तारखांची मर्यादा, "पासून-पर्यंत" आणि रोजचं सगळं काम : बी-ट्री. काहीच सुचत नसेल तर हेच.
- नेमका नंबर द्या, नेमकी नोंद घ्या : हॅश. पण बी-ट्रीही चालतं, म्हणून आधी मोजून बघा.
- मोजक्याच किमती असलेले रकाने आणि मोठमोठे अहवाल : बिटमॅप.
- मजकुरातला शब्द, नावाचा मधला तुकडा, चुकलेलं स्पेलिंग : उलटी सूची आणि तिची भावंडं.
- वाचण्यापेक्षा लिहिण्याचा मारा जास्त : एलएसएम ट्री.

म्हणजे "सगळ्यात वेगवान इंडेक्स कोणता" हा प्रश्नच अर्धवट आहे. लोक डेटाला काय विचारणार आहेत, हे आधी ठरवावं लागतं. यादी घरांच्या क्रमानं लावणाऱ्यानं चूक केलेली नसते. घरोघरी जाऊन पडताळणी करणाऱ्याला तोच क्रम सोयीचा असतो. फक्त मतदानाच्या दिवशी प्रश्न बदलतो आणि त्या प्रश्नासाठी कुणीतरी आदल्या रात्री दुसरी यादी करून ठेवायची असते.

ती केलेली असेल तर आजी चिठ्ठी घेऊन पाच मिनिटांत रांगेत लागतात. नसेल, तर यादीत नाव असूनही "नाव सापडत नाही" ऐकून घरी परततात.